टाकीचं झाकण

मुलाखतीच्या दिवशी सकाळी बायकोने त्याचे हात लिंबाच्या फोडीने घासून काढले. प्रयोगशाळेतल्या फिक्सरचा वास कातडीत मुरला की साबणाला दाद देत नाही.

"अहो, कुणी हात पुढे केला तर मिळवा, पण लगेच सोडा," ती म्हणाली. "नाहीतर तो माणूस मागाहून नाक चोळत बसायचा."

"मी हातच मिळवणार नाही."

"म्हणजे शिष्ट समजतील. हात ठेवा तिथेच. नखांतलं अजून निघालं नाही."

तो सिनेमाच्या शाळेत प्रयोगशाळेचा निदेशक होता. मुलं त्याला तोंडावर 'लॅबसर' म्हणत आणि पाठीमागे वटवाघूळ. त्याला ते ठाऊक होतं आणि त्यात खोटं काही आहे असंही वाटत नव्हतं. प्रयोगशाळा तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. बाहेरच्या खोलीत रसायनांच्या बाटल्या, मोजपात्रं आणि वाळत घातलेल्या फिल्मच्या माळा. आतली डार्करूम म्हणजे काजळीची डबी. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, हे त्याला विद्यार्थ्यांच्या बुटांवरून कळायचं. दरवर्षी नवी मुलं येत, अंधारात फिल्म कशी गुंडाळायची ते शिकत, आणि हात जरा बसला की वरच्या मजल्यांवर निघून जात. तिथे कॅमेरे होते, संकलनाच्या खोल्या होत्या, खिडक्या होत्या. एकदा वर गेलेलं कुणी सहसा खाली येत नसे. जिन्यात भेटलं तर हसत.

"यंदा सोडतो," असं तो दर वर्षी म्हणत असे. बायको सुरुवातीला डोळे मोठे करून ऐकायची, मग भाजी निवडता निवडता ऐकू लागली, आणि अलीकडे नुसतं "बरं" म्हणायची. पण गेल्या थंडीत त्याचा खोकला जाईना, तेव्हा डॉक्टरांनी त्या वाफांपासून लांब राहायला सांगितलं आणि तिने ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं. शाळेतच वरच्या मजल्यावर अध्यापकाची जागा निघाली. फळा, खडू, बाकं, पूर्वेला दोन खिडक्या. वयाच्या अटीत बसण्याचं त्याचं हे शेवटचं वर्ष. अर्ज तिनेच भरायला लावला. संध्याकाळी ती समिती होऊन खुर्चीवर बसायची आणि त्याला प्रश्न विचारायची.

"विद्यार्थ्यांना काय शिकवाल?"

"जे... म्हणजे... येतं ते."

"अहो, घोड्याने गवताशी लाजून कसं चालेल? नीट सांगा."

समिती बाहेरून आली होती, एका दिवसापुरती. त्याला दुपारनंतर बोलावणार होते. त्याने डब्यातलं खाल्लं, इस्त्रीच्या शर्टावर पांढरा कोट चढवला आणि स्टुलावर वाट पाहत बसला. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात उभी राहिली. हातात फिल्म धुण्याची काळी टाकी, काखेत रिळाचा डबा.

"सर, एवढं एक रीळ टाकीत घालून द्याल? माझ्याच्याने स्पायरलवर चढत नाही. परवा दाखवायचंय."

नाही म्हणणं सहज शक्य होतं. आज मुलाखत आहे, उद्या ये, एवढं वाक्य पुरे होतं. पण तो लगेच उठला. इतक्या लगेच, की मुलगीच म्हणाली, "सर, वेळ नसेल तर राहू दे."

"पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला.

डार्करूमला खरं तर दोन दारं, म्हणजे एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही अशी सोय. पण बाहेरचं दार बिजागऱ्यांसाठी सुताराकडे गेलं होतं आणि सुतार दाराबरोबर गेल्यासारखा दिसेनासा झाला होता. आता एकच दार. मुलीने रिवाजाप्रमाणे घड्याळ आणि फोन बाहेरच्या फळीवर काढून ठेवला, टाकी आणि डब्यातली बंद कॅसेट तेवढी आत घेतली. दार लागलं. कडी बसली.

अंधारात त्याचे हात शहाणे होत. कॅसेट फोडून त्याने स्पायरलच्या, म्हणजे गोल वळत जाणाऱ्या खाचांच्या, चकतीवर फिल्म चढवली, सरसर आत गेली. चकती टाकीत बसली. आता उजेड लागला तर फिल्म गेली; वर झाकण फिरवलं की संपलं. मग दार उघडा, दिवा लावा, काय वाटेल ते करा. त्याने झाकणासाठी उजवा हात पुढे केला. गेली कित्येक वर्षं झाकण टाकीच्या उजवीकडेच असायचं. तिथे नुसता ओटा लागला.

"झाकण?"

"इकडे आहे, सर. डावीकडे ठेवलंय. मी डावखुरी ना."

दोघांचे हात एकदम गेले. कोपर कोपराला लागलं आणि झाकण ओट्यावरून खाली पडलं. ते घरंगळत गेल्याचं ऐकू आलं, मग कशाला तरी आपटल्याचं, आणि मग काहीच नाही.

"अगं, रिळाचा डबा कुठाय? त्यात परत घालू."

"तो... बाहेर टेबलावर राहिला, सर. काळी पिशवीपण त्यातच."

दोघंही गुडघ्यांवर बसली आणि फरशी चाचपू लागली. ओट्याखाली, नळाच्या उंच मोरीच्या लोखंडी पायांपाशी, कोपऱ्यात. त्याच्या हाताला एक वाळलेला बोळा लागला, एक चिमटा लागला, मग मुलीची बोटं लागली आणि त्याने चटकन हात मागे घेतला.

दारावर थाप पडली. शाळेचा शिपाई. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण कुठल्याही मजल्यावरची बातमी तो न विचारता दुसऱ्या मजल्यावर पोचवायचा.

"सर, आत आहात का? तुमच्या आधीचे गृहस्थ आत गेलेत. आता तुमचाच नंबर. ते गृहस्थ लई घाम पुसत होते."

"झाकण पडलंय रे टाकीचं. दार उघडता येत नाही."

"मग शोधा की. काखेत कळसा नि गावाला वळसा व्हायचा. नीट बघा."

"बघू कशाने? अंधार आहे."

 ही बातमी रेडिओला नवी असावी.

"बाहेरचे दिवे घालवू का?"

"दिवे घालवशील, पण पॅसेजच्या खिडकीचं काय करशील?"

"मग सभागृहाचा काळा पडदा आणतो."

"आण. आण लवकर."

रेडिओच्या चपला जिन्यावर वाजत गेल्या आणि थोड्या वेळाने तशाच वाजत परत आल्या. सभागृहाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाबरोबर रजेवर गेली होती. वरच्या साहेबांना मात्र त्याने सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, जरा थांबतो, पण आमची गाडी आली आहे.

"म्हटलं, सर अडकलेत. तर त्यांतल्या एक बाई म्हणाल्या, लिफ्टमधे का? मी म्हटलं, आपल्याकडे लिफ्ट कुठाय."

मुलगी अंधारात हसली. मग तिने हसू गिळलं.

"सर, कसली मुलाखत आहे?"

त्याने सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, पण अंधारात माणूस जरा जास्त बोलतो. खिडक्यांबद्दल सांगितलं, खोकल्याबद्दलही. बायको खुर्चीवर समिती होऊन बसते, हेसुद्धा सांगून गेला. मुलगी उठून उभी राहिल्याचं त्याला कपड्यांच्या सळसळीवरून कळलं.

"मग आधी का नाही सांगितलंत? सर, टाकी उलटी घालू या ना चकतीवर. वरून तुमचा कोट."

"काठाला ओतायची खाच असते. तिथून उजेड शिरतो."

"कोट दुहेरी करून?"

"पांढरा आहे. पातळ आहे."

"मी वर आडवी पडते. खरंच. तुम्ही दाराच्या फटीतून निघून जा."

"तुझ्या पोटाखालून उजेड जाणार नाही याची काय खात्री?"

ती ओट्याला टेकल्याचा आवाज आला.

"सर, तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण आहे."

 तो पुन्हा खाली वाकला आणि फरशीवरून हात फिरवू लागला. डोक्यात मात्र वरची खोली दिसत होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, पलीकडे बसलेली माणसं, आणि त्या दोन खिडक्यांतून थेट त्याच्या तोंडावर येणारा उजेड. मग कुणीतरी विचारणार, विद्यार्थ्यांना काय शिकवाल? घरी पाठ केलेलं उत्तर त्याने आठवून पाहिलं. पहिला शब्द आठवला, पुढचे नाहीत. आत कुठेतरी, अगदी नकळत, त्याला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं त्याच्या ध्यानात आलं तेव्हा कानशिलं तापली.

"सर," रेडिओ दाराबाहेरून म्हणाला, "ते फायली बांधायला लागले. आत्ता आलात तर घेतील म्हणतात. दोनच जिने आहेत, पळत या."

"काय आहे तुझ्या रिळात?" त्याने मुलीला विचारलं.

"काकांचं सायकलचं दुकान. पंक्चर काढताना. चाक पाण्यात बुडवतात, बुडबुडे येतात, ते जवळून घेतलंय." ती दाराच्या दिशेने सरकली होती, आवाज तिकडून आला. "काका कुठे पळून चाललेत, सर? मला नवं रीळ मागता येईल. मिळालं नाही तर नापास करतील, पुढच्या वर्षी बघू. तुमचं पुढचं वर्ष नाहीये."

"थांब. कडीला हात लावू नकोस."

तिने कडी काढली आणि दार ओढलं.

उजेड आत आला तो भिंत कोसळावी तसा. तो जमिनीवर ओणवा होता, गाल जवळजवळ फरशीला टेकलेला. समोर मोरीच्या मागे, पाइप आणि भिंत यांच्या फटीत, झाकण कडेवर उभं होतं. हाताने फरशी कितीही पुसली असती तरी ते लागलं नसतं. दिसलं मात्र लख्ख, कडेच्या खाचांसकट. मुलीची पाठ त्याच्याकडे होती, ती आतूनच बाहेरच्या रेडिओकडे बघून काहीतरी म्हणत होती. एवढं सगळं डोळ्यांत शिरलं आणि त्याच दमात तो उठला, दारावर झेपावला आणि ते धाडकन लावून कडी घातली. टाकी उघडी असताना दार उघडं राहिलं तर कुठलाही लॅबवाला हेच करील. त्यात विचार नव्हता.

विचार नंतर आला.

अंधार परत जागेवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे लाल-हिरवे ठिपके पोहत होते. धाप लागली होती आणि खोकल्याची एक उबळ आली, ती त्याने कोटाच्या बाहीत दाबली.

"का लावलंत?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "सर, मी सोडलं होतं ते. गेलंच होतं."

"वरची कड तेवढी जळली असेल. आतले वेढे वाचले असणार. बुडबुडे दिसतील."

"मग आता? काही दिसलं का तुम्हाला? झाकण?"

दोन पावलं, मोरीच्या मागे, पाइपाच्या डावीकडे. हात घातला की झाकण हातात. टाकीवर फिरवलं की दार उघडं, उरलेलं रीळ शाबूत, आणि दोनच जिने. वर माणसं अजून होती. त्याला इतकं स्वच्छ क्वचितच काही माहीत असे.

"नाही," तो म्हणाला.

मग तो ओट्याला टेकून उभा राहिला. मुलगी खाली बसली आणि फरशी चाचपू लागली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ती मोरीपाशी आली की तो कान देऊन ऐकायचा. तिची बोटं पाइपाच्या पायथ्याशी टकटक करून परत फिरायची. आपण तिला सांगावं असं त्याला प्रत्येक फेरीला वाटलं. प्रत्येक फेरीला त्याने पुढच्या फेरीची वाट पाहिली. बायको या वेळी घरी काय करत असेल ते त्याला दिसत होतं. ती काही करत नसेल. दाराकडे तोंड करून बसली असेल.

वर खुर्च्या सरकल्या. जिन्यावरून बरीच पावलं उतरली, बुटांची, टाचांची, आणि त्यांच्या मागून चपलांची. बाहेर गाडीची दारं एकामागून एक लागली.

"गेले, सर," रेडिओ म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "त्या बाई म्हणाल्या, त्यांना सांगा, वाईट वाटलं. मी चहा सांगून येतो."

चपला दूर गेल्या. डार्करूममध्ये नळाचा थेंब मोरीत पडत होता. मुलीच्या बोटांचा आवाज केव्हा थांबला हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणखी एकदा बघतो," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. आधी त्याने कोपरा चाचपला, मग ओट्याखालची फळी, मग उगाच दाराची चौकट. जरा आवाज होईल अशा बेताने.

"सर," मुलगी म्हणाली, "आता उचला ना."

त्याचा हात फरशीवरच राहिला.

"दार लावल्यापासून तुम्ही शोधलंच नाहीत," ती म्हणाली. रागाने नाही. एखादी गोष्ट मोजून सांगावी तशी. "तुमच्या हाताचा आवाज बंद झाला होता."

 तो मोरीपाशी गेला, पाइपाच्या फटीत हात घातला, झाकण काढलं आणि उठून टाकीवर बसवलं. खाचेत खाच बसून ते फिरलं.

"झालं," तो म्हणाला.

"मग दार उघडू?"

"थांब जरा. डेव्हलपर ओतून रीळ धुऊनच घेऊ. तापमान बघायला हवं, नाहीतर..."

"झाकण लागल्यावर घाई नसते," मुलगी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

तो टाकी दोन्ही हातांत धरून उभा होता. नळाचा थेंब पडला, आणखी एक पडला. मुलगी दारापासून बाजूला झाली, त्याला वाट देण्यासाठी, आणि कडीला हात न लावता थांबली.