कोटवाल्यांचं टेबल

"हाऊ मधला देखा, आप्पा. हाऊ मन्हा अमृत."

दोधूनानांनी भिंतीवरचा फोटो काढून पाहुण्यांच्या मांडीवर ठेवला आणि धोतराच्या सोग्याने काच पुसली. ती सकाळीच पुसून झाली होती, पण पाहुण्यांदेखत पुसण्यात वेगळी मजा असते. फोटोत लखलखता जिना, वर झुंबर आणि जिन्यावर उभी गोरी माणसं. पुरुष काळ्या कोटात, बायका पायघोळ झग्यांत. मधोमध अमृत. तसाच काळा कोट, तसाच पांढरा शर्ट आणि गळ्याशी छोटा काळा बो.

कोरीटचे शिवाजीआप्पा आपल्या मुलासाठी नानांच्या लेकीला, रुपाला बघायला रनाळ्याला आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो न्याहाळला.

"जहाजवर काय पोस्टवर शे?"

"सायब शे," नाना म्हणाले. "कोट देखा ना."

झालं, एवढंच. आता याला खोटं म्हणायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. रनाळ्यात कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर साहेब. तिसरा प्रकार गावाने पाहिलेला नव्हता. सुरुवातीला स्वतः नानांचीही हीच समजूत होती. पोरगा क्रूझवर लागला, पहिला फोटो पाठवला आणि नानांनी तो मोठा करून काचेत बसवला. गावाने पाहिला, गावाने मान डोलावली.

पण आप्पा येण्याच्या कितीतरी आधी, एका सुट्टीत अमृतनेच खरं सांगितलं. मिरच्या वाळत घातल्या होत्या, दोघे बापलेक त्या खालीवर करत होते.

"नाना, मी तठे वाढानं काम करस. लोकेसले जेवाले वाढस."

नानांच्या हातातलं दाताळं थांबलं. पाटलाचं घर. ज्या ओसरीवर गावाने जेवून हात धुतले, त्या घरचा पोर.

"उष्टं बी उचलस?"

"उचलस ना. वाढनाराच उचलस."

नानांनी दाताळं पुन्हा मिरच्यांत घातलं. मग म्हणाले, "आठे कोणले सांगू नको."

अमृत "बरं" म्हणाला आणि ते त्याने पाळलं. गावात कुणी 'साहेब' म्हणून हाक मारली तर हसायचा आणि विषय कापसावर न्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून ठेवणाऱ्याचा हात किती अवघडतो, ते नानांनाच ठाऊक.

रुपाचं जमलं. शिवाजीआप्पांना मुलगी आवडली, मुलाला तर आधीच आवडली होती. वैशाखातली तारीख धरली. नानांनी अमृतला फोन केला आणि पहिलं वाक्य टाकलं, "तुन्हा काळा कोट लई ये."

"नाना, वैशाखमा? माणूस शिजी जाई."

"लई ये सांगं ना."

अमृत आला, कोट घेऊन आला. लग्नाच्या चार दिवस आधीची संध्याकाळ. अमृतची आई मंगलाबाई चुलीपाशी बसून वरण-बट्टीच्या बट्ट्यांसाठी जाडसर दळलेलं पीठ चाळत होत्या. अमृत शेजारी पाटावर. नाना ओसरीवर पडलेले, डोळे मिटलेले, कान उघडे.

"काय रे, तठे रोज हाऊ कोट घालतस?" मंगलाबाईंनी विचारलं.

"आम्ही रोज घालतस, माय. पाहुणा लोके काही ठरेल रातलेच घालतस. फॉर्मल नाइट म्हणतस तिले. त्या रातले मोठा हॉलमा जेवानं तर माणूसनी कोट घालाना, बाईनी चांगला झगा."

"आनि नही घाला तर?"

"तर वरना हॉलमा जावानं. तठे कसंबी चालस. मी खालना हॉलना दारवर उभा ऱ्हास, कोणनी काय घालेल शे ते देखाले."

मंगलाबाईंची चाळण थांबली. "कपडा देखीसन जेवाले बसाडतस? आनि दारवर येल माणूसले परत धाडस तू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्याहून अवघड काहीतरी होतं. अमृतने ते ओळखलं. तो पाटावरून थोडा पुढे सरकला आणि सांगू लागला. दाराशेजारी एक कपाट असतं, त्यात लहानमोठे कोट. कंपनीचेच, उसने द्यायला. पण हा कोट द्यायचा कसा, त्यात सगळं आहे. एकदा एक म्हातारा आला. बॅग विमानतळावरच हरवलेली, अंगात उसवलेला स्वेटर. बायको मात्र निळ्या झग्यात, गळ्यात मोती. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी पाठवलेले. मागे रांग. म्हाताऱ्याने दारावरची पाटी वाचली आणि बायकोचा हात हळूच सोडला, की तू जा, मी वर जेवतो.

"मंग?"

"मंग मी कपाटमाईन कोट काढा नि सांगं, 'साहेब, तुमना कोट मन्हाजोडे ऱ्हायेल व्हता.' त्यानी मन्हाकडे देखं. समजी गया. बाह्या लांब व्हत्यात, मी मझारथीन टाचनी लाई दिधी. बस. मन्हा दारवरथीन कोणी परत जात नही, माय."

मंगलाबाईंनी पिठाचा हात तसाच लेकाच्या गालाला लावला. गाल पांढरा झाला.

नानांनी हे सगळं ऐकलं. पण माणूस ऐकतो सगळं आणि घेतो आपल्याला हवं तेवढंच. म्हाताऱ्याचा स्वेटर त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेला. कोटवाल्यांचा वेगळा हॉल मात्र डोक्यात पक्का बसला.

दुसऱ्या दिवशी मांडववाल्याला हुकूम गेला. मांडवाच्या एका अंगाला कनात लावायची, आत गालिचा, टेबल-खुर्च्या, कूलर. बाकी गावाला नेहमीची पंगत. दाराशी पुतण्या योगेंद्रला उभं केलं आणि बजावलं, "मझार फक्त कोटवाला. व्याहीकडना सायब लोके उनात तर त्यास्ले आठेच बसाड. बाकीना पंगतमा."

अमृतने हे पाहिलं. वडिलांना म्हणाला, "नाना, हाई आपलाकडे बरं नही दिखत."

"तू तुन्हा कोट घालीसन व्याहीजोडे बठ," नाना म्हणाले. "वाढाले हात लावू नको. आज नही."

बहिणीच्या लग्नात भावाने पंगतीत वाढायचं नाही, हे अमृतच्या पचनी पडेना. आपल्याकडे तर पाटील असो की शाळामास्तर, लेकीच्या लग्नात घरचा माणूस बादली घेऊन फिरतो, आग्रह करतो, तेव्हा कुठे पंगत पंगत वाटते. पण तो नेहमीसारखं "बरं" म्हणाला.

लग्न दुपारी लागलं. ऊन असं, की अक्षतासुद्धा पोळत होत्या. अमृत काळ्या कोटात उभा आणि घाम कानामागून ओघळतोय. नानांनीही नंदुरबारहून एक कोट शिवून आणला होता. त्यात ते जरा कडक झाले होते, पण खूश होते. कनातीआड शिवाजीआप्पा, त्यांचे ऑफिसातले मित्र, दोन मास्तर. ताटं वाढली, वरणाचा वास सुटला. नाना टेबलाच्या टोकाशी उभे राहून 'सायब' पोराकडे बघत होते.

तेवढ्यात शिवाजीआप्पा इकडेतिकडे पाहत म्हणाले, "भाऊ कोठे ऱ्हायना? मन्हा मोठा भाऊ, सुपडूभाऊ. एसटीवरी येनार व्हता."

योगेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं.

"एक म्हातारा उना व्हता," योगेंद्र पुटपुटला. "बंडी आनि धोतर. मी सांगं, पंगतमा बठा. तो काही नही बोलना. रस्ताकडे गया."

शिवाजीआप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांना शाळेत घालायचं म्हणून ज्या भावाने स्वतः शाळा सोडून औत धरलं, तो हा भाऊ. आप्पा उठले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं ताट थोडं पुढे सरकवलं. लग्नघरात सरकवलेल्या ताटाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. शेजारचे दोन मास्तरही थांबले. घरात मंगलाबाईंच्या शेजारी नवी नवरी रुपा बसली होती, तिच्यापर्यंत ही बातमी जायला कितीसा वेळ लागणार.

नानांना जागेवरून हलता येईना. अमृत मात्र केव्हाच निघाला होता.

सुपडूआबा एसटीच्या थांब्याजवळ लिंबाखाली उभे होते. वाळलेली अंगकाठी, बंडीची एक बाही विरलेली, पायात धुळीने भरलेल्या वहाणा, डोक्यावर मात्र स्वच्छ पांढरी टोपी. अमृत पळत आला, पण त्यांच्याजवळ पोहोचण्याआधी चालू लागला. घाईने आलेला माणूस समोरच्याला आणखी लाजवतो, हे तो दारावर उभा राहून शिकला होता.

त्याने वाकून पायाला हात लावला. "आबा, मी अमृत. रुपाना भाऊ. चला ना जेवाले."

"मन्ही भूक मरी गयी रे भो," आबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "तठे कोट लागस म्हणे. मन्हाजोडे कोट नही."

अमृतने अंगातला कोट काढला, झटकला आणि दोन्ही हातांनी उघडून धरला, म्हातारा सहज हात घालू शकेल इतका खाली.

"तुमना कोट मन्हाजोडेच ऱ्हायेल व्हता, आबा."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कोटाकडे. त्यांच्या सुरकुत्यांत कुठेतरी हसू फुटलं आणि त्यांनी एक हात बाहीत घातला.

दोघे मांडवात आले तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. धोतरावर काळा चमकदार कोट, बाह्या आतून टाचलेल्या, डोक्यावर टोपी तशीच. कुणी हसलं नाही. हसायला जागाच ठेवली नव्हती, कारण अमृत त्यांच्या शेजारून अशा अदबीने चालत होता की जणू एखाद्या देशाचा राजाच जेवायला आलाय. त्याने आप्पांच्या शेजारची खुर्ची अलगद मागे ओढली, आबा बसू लागले तशी गुडघ्यापर्यंत हलकेच पुढे सरकवली. मांडीवर फडकं पसरलं. बट्टी घेतली, कुस्करली, वरण ओतलं, वांग्याची भाजी बाजूला, तुपाची धार बरोब्बर मधोमध. ताटाच्या काठाला एक शिंतोडा नाही, भांड्याचा आवाज नाही. मग दोन पावलं मागे सरून तो उभा राहिला, अंगात घामाने भिजलेला पांढरा शर्ट आणि गळ्याशी तो बो.

नानांनी आयुष्यात शेकडो पंगती वाढल्या होत्या, पण असं वाढताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. ज्या कामाची लाज वाटून त्यांनी ते मुठीत दाबून ठेवलं, ते काम इतकं सुंदर असतं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. आणि त्यांना रडू आलं.

शिवाजीआप्पांनी भावाकडे पाहिलं, मग अमृतकडे. हळू विचारलं, "अमृतराव, आसं वाढानं तुम्ही कोठे शिकनात?"

अमृतची नजर वडिलांकडे गेली. फक्त एकदा. मग तो म्हणाला, "घरमाच, आप्पा. मायनी शिकाडं."

पोरगा आपल्यासाठी खोटं बोलला. भर मांडवात, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. नाना आप्पांसमोर आले आणि हात जोडले.

"नही, व्याही. जहाजवर शिकना. मन्हा पोऱ्या जहाजवर वाढपी शे. सायब नही. तो माले कव्हाच सांगी चुकना, मीच तुमले खोटं सांगं."

कनातीआड कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. नाना जोडलेले हात खाली घेईनात. आता काय व्हायचं ते होऊ दे, अशा चेहऱ्याने मंगलाबाई कनातीच्या फटीत उभ्या होत्या.

सुपडूआबांनी तोंडातला घास नीट चावून गिळला.

"आरे मंग त्याले वाढू द्या ना," ते म्हणाले. "माले आजून एक बट्टी पाह्यजे."

शिवाजीआप्पांनी सरकवलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं आणि वाटी पुढे केली.

नानांनी कोटाची बटणं सोडली. नवा कोरा कोट त्यांनी कनातीच्या बांबूला अडकवला, बाह्या कोपरापर्यंत चढवल्या आणि योगेंद्रला सांगितलं, "कनात सोड. सगळास्ले एकच पंगत." मग तुपाची तपेली उचलून लेकाजवळ आले.

"कोनता बाजूथीन वाढतस रे?"

"जथाईन माणूसना हातले धक्का नही लागस तथाईन, नाना."

नाना वाकले आणि अमृतच्या मागोमाग, एकेका ताटापाशी थांबत, तूप वाढत निघाले.