मालकाच्या उंबऱ्यावरची सही

दूधवाला हसून बोलला तरी आमचे हे दुधात बोट बुडवून बघणार. तीस वर्षं हेच चाललंय. माझं डोकं सणकतं, पण सांगणार कुणाला? बदलापुरात महिपती मिस्त्री म्हटलं की लोक मान डोलवायचे. भिंत बांधावी तर यांनीच. त्या नावावर आमचं घर चालत होतं आणि त्या नावालाच यांनी आपल्या हातानं चूड लावली.

पंचावन्न साली अंबरनाथला कलकत्त्याच्या एका कंपनीचा कारखाना उभा राहत होता. शेडच्या भिंतींचं काम यांना मिळालं. कंपनीचे इथले अधिकारी विष्णुपंत, ते कराराचा कागद घेऊन स्वतः घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "मिस्त्री, यात एक वाकडं कलम आहे. भांडण झालं तर ते कलकत्त्याच्याच कोर्टात चालेल, असं लिहिलंय. वरचे लोक ते काढत नाहीत. पण तुम्ही सही इथंच करा, माझ्यासमोर. मला तसा अधिकार आहे. काम इथं, सही इथं, पैसे इथं, मग कलकत्त्याच्या कोर्टाचा संबंध काय? नसलेला अधिकार कागदावर लिहिला म्हणून कोर्टाला मिळत नाही, असा कायदा आहे."

मला माणूस बरा वाटला. मी तसं म्हटलंही.

"तुला काय कळतंय?" ते गेल्यावर हे म्हणाले. "कंपनीचं मीठ खातो आणि मला कंपनीच्या विरुद्ध शिकवतो. फुकटात? याच्या पोटात काहीतरी आहे."

आता आमच्या गवंड्यांची एक रीत आहे. कामाची सुपारी कारकुनाच्या हातून घ्यायची नाही, मालकाच्या उंबऱ्यावर घ्यायची. म्हणजे उद्या मालक म्हणायला नको, मी कुठं शब्द दिला होता. यांच्या डोक्यात ती रीत बसली. विष्णुपंतांना चुकवून हे कल्याणहून कलकत्त्याच्या गाडीत बसले, पिशवीत नारळ आणि सुपारी घेऊन. तिथं मोठ्या साहेबासमोर सही केली आणि परत आले ते छाती काढून. साहेबानं म्हणे सुपारी तोंडात टाकली, खुर्ची दिली. विष्णुपंतांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही मला विचारायचं तरी होतं." यावर हे घरी येऊन म्हणतात, "बघ, कसा चडफडला."

पावसाळा सरला आणि पश्चिमेची भिंत बसली. नशीब, खाली कुणी नव्हतं. भिंत ओली होती, अजून पाणी मारणं चालू होतं आणि कंपनीच्या माणसांनी तिच्यावर लोखंडी तुळया चढवल्या होत्या. यांचे मजूर, बारवीकडच्या पाड्यावरचा देऊ आणि त्याची बायको जिवली, तुळया चढताना भिंतीला पाणी मारत होते; त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कंपनीनं कलकत्त्याच्या कोर्टात दावा लावला की बांधकामच कच्चं. हरलो तर या पट्ट्यात यांना कोण काम देणार होतं?

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात जयदेव वकील बराकीतच बसायचे. सिंधी माणूस, पण मराठी झकास बोलायचे. त्यांनी कागद पाहिला, सही कुठं केली ते विचारलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मिस्त्री, यही गडबड हो गयी. सही इथं केली असती तर ते कलम मी फाडून टाकलं असतं. कल्याणच्या कोर्टात देऊ चालत आला असता. तुम्ही करारच कलकत्त्यात जाऊन केला, म्हणजे त्या कोर्टाला खरोखर हक्क मिळाला. आता साक्षीदार घेऊन तिकडंच जा. देऊ बोलला तर दावा टिकत नाही."

बाहेर पडल्यावर हे हळूच म्हणाले, "कंपनीचं लोखंड याच्याच भावकीच्या दुकानातून जातं. बघून ठेव."

मी तशीच पाड्यावर गेले. देऊचं भात कापायचं होतं. मला वाटलं, हा कसला येतोय. पण तो म्हणाला, "येतू ना बाय. भाताचं जिवली बघंल. मिस्त्रीनं कधी माझी मजुरी बुडवली नाय." निघायच्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून आमच्या ओट्यावर येऊन बसला, भाकरी बांधून.

यांनी मला आत ओढलं. "भातकापणी टाकून कोण येतं गं? एका शब्दात तयार झाला. कुणी पाठवलाय याला? तिथं उभा राहून उलटं बोलला म्हणजे?"

मी हात जोडले. शिव्याही दिल्या, खोटं कशाला बोलू. पण यांनी बाहेर जाऊन देऊला सांगितलं, तारीख पुढं गेली, घरी जा. आणि मागच्या दारानं एकटेच गेले.

परत आले ते दावा हरून. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटावर बसले आणि म्हणाले, "कोर्टानं विचारलं, तुळया चढवताना कुणी पाहिलं होतं का. माझ्याकडं कोण होतं सांगायला?"

"देऊ होता," मी म्हटलं.

त्यांनी ताटाकडं बघितलं. "तो खरंच बोलला असता का गं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीही कंपनीचीच माणूस.