सतरा पायऱ्या

अमेरिकेतल्या डिअरबॉर्नच्या त्या घरात दारावर टकटक करायची पद्धतच नव्हती. ज्याला वाटेल तो वाटेल त्या खोलीत शिरायचा. नजवा सव्वीस वर्षांची, फार्मसिस्ट. तिचा भाऊ फारीस अठ्ठावीसचा, मोटारींच्या कारखान्यात. दोघंही कमावती आणि दोघंही आईबापाजवळ. लेबनॉनहून आलेल्या माणसांच्या त्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. नजवालाही घर सोडायचं नव्हतंच. तिला फक्त एक दार हवं होतं, आपण लावलं की लागलेलं राहील असं.

१९८६च्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जागा सोडून गेला आणि तिनं विषय काढला.

"बाबा, वर मी राहते."

"मुलगी घरातून जाते ती लग्न करून."

"मी घरातून कुठे जातेय? सतरा पायऱ्या तर चढायच्यात!"

झालं! बाबांनी तोंडाला कुलूप लावलं ते आठवडाभर. आईचा पदोपदी उसासा. फारीस तिच्या खोलीवर हक्क सांगून मोकळाही झाला. सख्खे भाऊ असेच असतात. दार मिळेल, पण बाबा दुरावतील, या भीतीनं नजवाला जेवण जाईना. शेवटी 'नको मला वरची जागा' म्हणायचं ठरवून ती शुक्रवारी सकाळी उठली, तर तिच्या कॉफीच्या कपाशेजारी वरची किल्ली. बाबा वर्तमानपत्राआड.

रविवारी ती वर गेली. पडदे लावले, हवी ती गाणी हव्या त्या आवाजात लावली, आणि चार वाजता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून चक्क रडली. कुणी हाकच मारत नव्हतं.

पाच वाजता दारावर टकटक झाली.

दारात बाबा. इस्त्रीचा शर्ट, ईदचे बूट, हातात मिठाईचा खोका. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, हे त्यांनीच मुलांना शिकवलेलं. स्वतःच्याच घरात ते उंबऱ्याबाहेर थांबले होते.

"येऊ का?"

नजवानं दार सताड उघडलं, त्यांना चांगल्या खुर्चीत बसवलं आणि वेलदोडा घालून कॉफी केली. बाबांनी ती चवीनं संपवली, पडद्यांना बरं म्हटलं आणि उठले.

"सातला जेवायला ये. तुझी आई वाट बघतेय," जिन्यात वळून ते म्हणाले. "आणि खाली टकटक करू नकोस हं."