सोमवारची डबी

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. गेज म्हणजे मापाची पोलादी कांडी. माझा जन्म व्हीलचेअरच्या कारखान्यात झाला. कारखाना काढणारे काका स्वतः लेथवर उभे राहत. त्यांनी दोन दिवस खपून मला घडवलं. माझं काम एकच. चाकाच्या मधल्या भोकात मी अलगद गेलो तर चाक पास, अडलो तर बाद. मी कुणाची भीडभाड ठेवत नसे. एकदा काकांनी केलेलं चाकही मी अडवलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "शाब्बास! घरच्यालाही सोडत नाही!"

पण काका माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवत नसत. दर सोमवारी ते लाकडी डबीतून एक पोलादी कडं काढून मला त्यात घालायचे. त्यात मी जराही हललो नाही, तरच मला आठवडाभर काम मिळे. मला भारी राग यायचा. सगळ्यांची परीक्षा घेणारा मी, आणि माझीच परीक्षा?

काकांच्या मागे त्यांची मुलगी कारखाना पाहू लागली. तिला सगळे ताई म्हणत. बाद चाकं महिन्यागणिक कमी होत गेली. त्याबद्दल कारखान्याला मिळालेलं मानपत्र भिंतीवर लागलं. मला हातात घेऊन ताईंनी फोटो काढला आणि मी फुलून गेलो. सगळं इतकं छान चाललेलं असताना डबी कोण उघडतो? ती खणात मागे मागे सरकत गेली.

खरं सांगू? मी झिजलो होतो. हजारो भोकांत जाऊन बारीक झालो होतो आणि नको इतक्या अरुंद भोकांतही शिरत होतो. मला ते कळत होतं, फार लाजही वाटत होती. पण बोलायला मला तोंड कुठे होतं?

एका दुपारी तपासणीच्या मावशींना शेजारी ठोकाठोक ऐकू आली.

"चाक बसवायला हातोडा कशाला लागतोय रे?" त्यांनी फिटरला विचारलं.

"आजकाल लागतोच, मावशी. आस भोकात जातच नाही."

"आणि फिरतं का नीट?"

"फिरतं की. थोडं अडतं."

मावशींनी खण उपसून डबी शोधली. मी कड्यात गेलो आणि चक्क खुळखुळलो. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

"ताई, आजच्या खुर्च्या पाठवायच्या नाहीत."

"अहो मावशी, ट्रक दारात उभा आहे! दवाखाना वाट बघतोय."

"राहू दे उभा. उतारावर चाक अडून पेशंट पडला तर?"

ताईंनी मला स्वतः कड्यात घालून पाहिलं. पुन्हा खुळखुळ. त्या मानपत्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खुर्च्या उतरवा. आधी गेलेल्याही परत मागवा. फोन मीच करते." आणि त्यांनी मानपत्र खाली काढलं.

आता त्याच खिळ्यावर, बाद झाल्याची खूण म्हणून लाल रंग लावून, मी टांगलेला आहे. टेबलावर नवा गेज आलाय, चकचकीत आणि जरा शिष्ट. दर सोमवारी डबी उघडली की त्याचं तोंड वाकडं होतं आणि मला हसू येतं.

मित्रांनो, मला तेलपाणी नको. माझी झीज सगळ्यांना दिसू द्या. फक्त एवढं करा. आपलं काही चुकतच नाही असं ज्या दिवशी वाटेल, त्याच दिवशी डबी उघडा. सोमवारची वाट बघू नका.