हातांवर बसा!

सत्तरीच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आठवड्यावर आला आणि अवगुस्ता रोदिओनोव्हना अंगारा नदीकाठी बर्फावरून घसरल्या. डावा हात प्लास्टरमध्ये! नळ्यांचा भलामोठा ऑर्गन वाजवणाऱ्या बाईचा हात मोडला, मग राहिलं काय?

बाई जिथं वाजवत आणि शिकवत, त्या हॉलचा संचालक ग्लेब संत्री घेऊन भेटायला आला. हा एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी, महिनाभरात पळालेला.

"बाई, कार्यक्रम रद्द करू. तुम्ही आराम करा. ऑर्गनचा वर्गही बंद करावा म्हणतो. वादक काय, मॉस्कोहून बोलावता येतात."

"ग्लेबका, हात मोडलाय, जीभ नाही," बाई कडाडल्या. "कार्यक्रम होणार. हरले, तर वर्गाला कुलूप ठोक. जिंकले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"पण वाजवणार कशानं?"

"तुला महिनाभर जे शिकवलं, त्यानं!"

ग्लेबचे कान लाल झाले. बाईंच्या वर्गात पहिलं वर्षभर एकच हुकूम असे, "हातांवर बसा!" तळहात मांड्यांखाली दाबायचे आणि ऑर्गनच्या खालच्या, पायांसाठीच्या पट्ट्या नुसत्या पायांनी वाजवायच्या. पोरं रडत, आया भांडायला येत. लोक म्हणत, ही बया संगीत शिकवते की सायकल? पण ऑर्गनला 'चर्चचा भोंगा' म्हणणाऱ्या त्या काळच्या सरकारी साहेबांना ज्यांनी जुमानलं नाही, त्या बाई असल्या टोमण्यांना काय भीक घालणार! त्यांची पोरं रीगापासून व्लादिवोस्तोकपर्यंत वाजवत होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती सगळी आली. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाईंनी बर्फात घालायचे बूट काढून मऊ चामड्याचे जोडे चढवले. ऑर्गनचे खटके ओढायला बाजूला बसणाऱ्या उल्यानानं, नजर लागू नये म्हणून, रीतीप्रमाणे "वाटोळं होवो" म्हटलं, बाईंनी रीतीप्रमाणे "जा सैतानाकडे" म्हटलं.

उजवा हात वरच्या पट्ट्यांवर धावला आणि डाव्या हाताचं सगळं काम पायांनी उचललं. घाम निथळत होता, प्लास्टरमधला हात ठणकत होता, पण एक सूर हलला नाही. मग शेवटच्या रचनेआधी बाईंनी उरलेला उजवा हात मांडीखाली घातला. जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. टाच, चवडा, टाच, चवडा... खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि त्या म्हाताऱ्या पायांनी अख्खा हॉल हलवून सोडला!

लोक उठले, एका ठेक्यात टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. बाईंना रडू आलं, ते त्यांनी लपवलंही नाही. पहिल्या रांगेत एकटा ग्लेब बसून होता.

बाई वाकून म्हणाल्या, "काय रे, तुला टाळ्या वाजवायला जड जातंय?"

ग्लेबनं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही तळहात मांड्यांखाली होते.

"तुम्ही अजून सोडा म्हणाला नाहीत, बाई."

"मग सोड. आणि सोमवारी माझ्या वर्गाचं दार वेळेवर उघड."