तीन नंबरच्या मशीनचं भविष्य

माझी एक कथा कधीकाळी एका मासिकात छापून आली, आणि तेव्हापासून आमच्या लाँड्रीत काहीही लिहायचं निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं. बिलं मी करायची, हरवलेल्या उशांच्या अभ्र्यांवरून गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची, आणि वर लेखिकाही मीच. मालक म्हणाले, "असं काहीतरी लिहा की या बायका चालू मशीनमध्ये हात घालायच्या थांबतील."

मशीन म्हणजे आमची तीन नंबरची इस्त्री. दोन लांबलचक तापलेले रूळ; एका बाजूने ओली चादर आत जाते, दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर येते. मध्येच चादरीला चुणी पडते. तेव्हा लाल बटण दाबून रूळ थांबवायचे आणि मग चुणी काढायची, असं आहे. पण थांबवलं की मागे ओल्या चादरींचा ढीग लागतो, म्हणून बायका फिरत्या रुळापर्यंत बोटं नेतात आणि चुणी सरळ करतात.

यात सगळ्यात पटाईत माझी नणंद. तिला सगळे बारकी म्हणतात. तिच्या उजव्या हाताचं एक नख तीन नंबरने आधीच काळं केलं आहे. तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, नुसतं नख तर आहे. एवढं काय?" पुढच्या वेळी नुसतं नख जाणार नाही, हे मला दिसत होतं आणि तिला दिसत नव्हतं. घरी सासूबाई रोज विचारतात, "तिच्यावर लक्ष आहे ना गं?" मी हो म्हणते.

आधी मी सरळसोट सूचना लिहिल्या. मोठ्या अक्षरात, मशीनशेजारच्या फळ्यावर. दुपारी बघते तर फळ्याच्या खिळ्याला कुणीतरी ओला रुमाल वाळत घातलेला. सूचना कुणी वाचल्या का, म्हणून विचारलं, तर घड्या घालणाऱ्या काकू म्हणाल्या, "फळ्यावर काही होतं का?"

मग मी कथा लिहिली. एका हात गमावलेल्या बाईची, चांगली जीव ओतून. चहाच्या सुट्टीत वाचून दाखवली. बायका ढसाढसा रडल्या. तिच्या नवऱ्याने पुढे तिला सांभाळलं का, यावर भांडणंही झाली. आणि सुट्टी संपल्यावर बारकीने एका हाताने डोळे पुसले आणि दुसरा हात रुळाशी नेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, आत्ता कुणासाठी रडलीस?"

"ती गोष्टीतली होती, वहिनी. बिचारी."

मग कविता. मालकांचीच सूचना, कारण त्यांच्या मते यमक लक्षात राहतं. राहिलं की! बायकांनी तिला चालही लावली. सगळ्याजणी गाऊ लागल्या आणि बारकी प्रत्येक ओळीच्या शेवटी, तालावर, रुळाशी हात न्यायची. इतक्या शिस्तीत तर ती आधी नेत नव्हती. मी हात टेकले.

चहाच्या टेबलावर एक दिवस पेपर पडला होता. बातम्यांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, पण राशिभविष्याच्या पानासाठी ओढाताण चालली होती. काकूंच्या राशीला 'प्रवास टाळा' आलं होतं, म्हणून त्या पलीकडच्या खोलीतून साबण आणायलाही तयार नव्हत्या. मी कपाळावर हात मारला. इतके दिवस मी मला आवडतं ते लिहीत बसले होते, आणि या काय वाचतात ते रोज माझ्यासमोर टेबलावर पडलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: 'तीन नंबर आज खवळलेली आहे. बोटांना धोका. लाल रंग लाभदायक.' काकूंनी मोठ्याने वाचलं. त्या दिवशी प्रत्येक चुणीला लाल बटण दाबलं गेलं. मालकांनी मला मुद्दाम केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

काही दिवस मजेत गेले. रोज नवं लिहायचे: मशीनला जुना राग आठवेल, मशीनची दृष्ट लागेल. पण रोज वाईटच लिहून मी कंटाळले. शिवाय भविष्य म्हटलं की एखादा दिवस चांगला लागतोच, नाहीतर विश्वास कोण ठेवणार? म्हणून एका सकाळी लिहिलं: 'तीन नंबर आज प्रसन्न. कामे सुरळीत पार पडतील.' स्वतःवरच खूश होऊन बिलं करायला बसले.

थोड्या वेळाने बाहेर पाहिलं तर बारकीचा हात थेट रुळाशी. बाहीची कड आत ओढली जात होती. मी कशी धावले, मला आठवत नाही. लाल बटणावर अख्खा पंजा मारला. रूळ थांबले, मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी वरचा रूळ उचलला, आणि बाही बाहेर आली. कड करपलेली, कागदासारखी कडक. हात शाबूत होता. मी तो दोन्ही हातांत धरला आणि रडत रडत तिला वाटेल तसं बोलले.

ती म्हणाली, "पण तूच लिहिलंस ना, आज प्रसन्न म्हणून!"

मी जाऊन फळा पुसला. लिहायला काही सुचेना, डोकं नुसतं तापलं होतं. शेवटी जे होतं तेच लिहिलं: 'आज वहिनी भडकलेली आहे. बटण दाबा.'

बारकीने फळा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. आणि संध्याकाळपर्यंत न चुकता बटण दाबलं.

तेव्हापासून फळ्यावर हेच एक भविष्य आहे. काकू म्हणतात, इतकं खरं ठरणारं भविष्य त्यांनी आयुष्यात वाचलं नाही. पेपरातलं त्यांनी आता सोडूनच दिलंय.

काल मात्र माझी झोप छान झाली होती. बिलंही जुळली होती. मी खिडकीशी उभी राहून उगाचच गुणगुणत होते. तीन नंबरमध्ये चुणी पडली. बारकीने मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात बटणाकडून रुळाकडे वळला. मी झटकन कपाळाला आठ्या घातल्या.

तिने बटण दाबलं.