धुरपताबाईचं नाही

सातव्यांदा नांदेडच्या वन कार्यालयात गेले आणि सातव्यांदा तेच ऐकलं. "मंजुषाबाई, वनहक्क समितीच्या अध्यक्ष तुम्हीच ना? मग करून टाका सही."

साहेब वाईट नव्हते. चहाही पाजला. आमच्या आंध आदिवासींच्या वाडीला सामूहिक वनहक्कात जंगल मिळालंय. त्यात काय लावायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं. आम्ही मोह, चारोळी आणि बांबू ठरवला होता. साहेबांच्या कागदावर मात्र जिकडेतिकडे साग.

"साहेब, गावाला इचारावं लागंल."

"अहो, बारीकसा तर बदल आहे."

"बारीक असू द्या. आमच्यात एक माणूस जरी न्हाई म्हणला, तरी ठराव होत न्हाई."

ते हसले. मीही हसले असते, पण पाय भरून आले होते. खरं सांगते, पेन हातात घेतलं होतं. एक सही केली की हेलपाटे संपणार होते. मग पेन टेबलावर ठेवलं आणि भोकरची बस धरली. बसायला जागा नव्हतीच.

वाडीच्या या रीतीचा मला अभिमान आहे आणि वैतागही तितकाच आहे. तळ्याची जागा ठरवायला चार बैठका लागल्या, कारण धुरपताबाईला पहिली जागा पटली नव्हती. रीत अशीही आहे, की जो नाही म्हणेल त्यानं पुढच्या कामाला आधी हात लावायचा. दुसऱ्या जागेवर पहिली कुदळ म्हातारीनंच मारली. त्या तळ्यात उन्हाळाभर पाणी राहिलं, हे मान्य करायलाच हवं.

रविवारी शाळेच्या ओट्यावर सगळे बसले. सागाला कुणीच हो म्हटलं नाही. मग मी पोटातलं बोलले. "सात खेपा झाल्या. आठवी माझ्यानं होत न्हाई. मी दमले. दुसरा अध्यक्ष बघा."

आधी माझ्या जाऊबाईंनी होकाराची मान डोलावली, मग एकेकानं. माझी कीव आली असेल त्यांना. येऊ दे, म्हटलं. सुटले एकदाची.

"न्हाई," धुरपताबाई म्हणाली.

ज्या रीतीसाठी साहेबांपुढं ताठ बसले, तीच आता माझ्या गळ्यात आली. मला रागानं रडू फुटलं. "आजी, तुला काय जातंय न्हाई म्हणायला? हेलपाटे तर मलाच हायेत!"

म्हातारीनं एवढंच विचारलं, "सकाळची गाडी कितीला हाय?"

"साडेसहाला," मी चिडूनच सांगितलं आणि घरी निघून गेले.

सोमवारी थांब्यावर पोचले, तर ती आधीच येऊन बसलेली. दोन्ही गुडघ्यांना फडकी आवळून बांधलेली, मांडीवर दोघींच्या भाकरी.

"साहेबाला न्हाई म्हणून म्या सांगते," ती म्हणाली. "तू नुसती बाजूला बस. लई दमलीस."